बंगल्यातील झाडाची छाटणी : फांदी आपली, परवानगी महापालिकेची

मृगाचा पाऊस तोंडावर आला की शहरांतील सोसायट्यांच्या आणि बंगल्यांच्या आवारात कोयत्या-करवतींचा आवाज सुरू होतो. वर्षभर ज्या आंब्याच्या सावलीत गाडी उभी केली, त्याच आंब्याची फांदी आता छपरावर पडेल की काय, अशी धास्ती घरमालकाला वाटू लागते. शेजाऱ्याची तक्रार असते, गटारात पाने साचतात, विजेच्या तारांना पर्णसंभार टेकलेला असतो. मग कोपऱ्यावरचा एखादा झाडतोड्या बोलावला जातो आणि दोन तासांत झाडाचे केवळ खुंट उरतात. हे झाड आपल्या आवारात आहे, आपल्या वडिलांनी लावले आहे, तेव्हा ते कसे छाटावे हा आपला प्रश्न, अशी बहुतेकांची समजूत असते. कायद्याची समजूत मात्र वेगळी आहे.

महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांत १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. झाड सार्वजनिक रस्त्यावर आहे की खासगी जागेत, असा भेद हा कायदा करीत नाही. ते कोणी लावले, यालाही महत्त्व नाही. ‘झाड तोडणे’ या शब्दांची व्याख्या तर पुष्कळ व्यापक आहे. झाड जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा पोहोचविणे, हे सारे तिच्यात मोडते. म्हणजे बुंध्याची साल गोलाकार सोलून काढणे, मुळाशी आम्ल ओतणे आणि शेंड्यापासून निम्मे झाड उतरविणे, या तिन्हींचा अर्थ कायद्याच्या दृष्टीने एकच होऊ शकतो. ‘आम्ही तोडले नाही, फक्त छाटले’ हा बचाव त्यामुळेच लंगडा पडतो. उल्लंघनासाठी दंडाबरोबर कारावासाचीही तरतूद आहे आणि प्रत्येक झाड हा स्वतंत्र गुन्हा ठरतो.

या कायद्याखाली प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असते. आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात. प्रत्यक्ष अर्ज घेणे, पाहणी करणे आणि परवानगी देणे ही कामे वृक्ष अधिकाऱ्याकडे व उद्यान विभागाकडे असतात. झाड मुळासकट काढायचे असेल तर पाहणीनंतर वृत्तपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, तसेच झाडाच्या दर्शनी भागावर नोटीस चिकटवावी लागते. रस्त्याने जाताना बुंध्यावर जो कागद फडफडताना दिसतो, तो हाच. झाड वाळलेले, रोगट किंवा वाऱ्याने कोसळलेले असेल, जीविताला वा मालमत्तेला त्यापासून धोका असेल किंवा वाहतुकीला अडथळा होत असेल, अशी कारणे परवानगीसाठी ग्राह्य धरली जातात. ‘पाने फार पडतात’ किंवा ‘दुकानाची पाटी दिसत नाही’ ही कारणे या यादीत बसत नाहीत. नेमक्या याच कारणांसाठी मात्र अर्ज मोठ्या उत्साहाने लिहिले जातात!

फांद्यांच्या छाटणीची कार्यपद्धती त्यामानाने सुटसुटीत आहे. बंगला असल्यास मालकाने, सोसायटी असल्यास कार्यकारिणीने क्षेत्रीय वा विभाग कार्यालयात अर्ज करावयाचा असतो. झाडाची जात, संख्या, कोणत्या फांद्या का छाटावयाच्या आहेत, हे लिहून सोबत छायाचित्रे जोडल्यास पाहणी लवकर उरकते. भाडेकरूने मालकाची लेखी संमती जोडलेली बरी. शुल्क आणि अटी शहरागणिक वेगळ्या असल्याने त्यांची चौकशी स्थानिक कार्यालयातच करावी लागते. खासगी आवारातील छाटणीचा खर्च सर्वसाधारणपणे मालकावरच पडतो. रस्त्यावरील झाड आवारात झुकले असेल, तर मात्र ते महापालिकेचे काम. तारांना लागणाऱ्या फांद्यांबाबत वीज कंपनीला कळवून, पुरवठा बंद करवून घेतल्याखेरीज कोणाला झाडावर चढविणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ होय. ओली फांदी आणि ओला दोर यांतून वीज वाहते, हे सांगायला फारसे कोणी उरत नाही.

शेजाऱ्याच्या आवारातून आलेली फांदी हा भांडणांचा जुना विषय. बुंधा ज्याच्या जमिनीत, झाड त्याचे. फांदी आपल्या गच्चीवर आली तरी कायद्याचे संरक्षण कुंपणापाशी संपत नाही. अशा वेळी शेजाऱ्याशी बोलून त्याच्याच नावे अर्ज करविणे किंवा वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देणे, हे रात्री करवत चालविण्यापेक्षा स्वस्त पडते.

परवानगीविना किती जाड फांदी कापता येते, हा प्रश्न दिल्लीत न्यायालयापर्यंत गेला होता. तेथे १९९४ चा स्वतंत्र वृक्ष संरक्षण कायदा आहे. १५.७ सेंटीमीटर घेरापर्यंतच्या, म्हणजे सुमारे पाच सेंटीमीटर जाडीच्या फांद्या विशेष परवानगीशिवाय छाटण्याची मुभा तेथील मार्गदर्शक सूचनांनी दिली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये ती रद्द ठरविली. मूळ कायदा जी सवलत देत नाही, ती सूचनांद्वारे देता येणार नाही, असा त्यामागील विचार होता. हा निर्णय महाराष्ट्राच्या कायद्यावर दिलेला नाही. पण ‘बारीक फांदी चालते’ असे ठामपणे सांगणाऱ्या ठेकेदारावर विश्वास ठेवण्यापूर्वी तो लक्षात घेण्याजोगा आहे.

नागरी हद्दीबाहेरील फार्म हाऊसच्या मालकांना दुसरा कायदा पाहावा लागतो. महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियम १९६४ चा आहे आणि त्याला अनुसूचित झाडांची यादी जोडलेली आहे. साग, खैर, चंदन यांच्यासोबत आंबा, फणस, चिंच ही परसातली झाडेही तिच्यात आहेत. शहरातील जुन्या झाडांसाठी २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना ‘हेरिटेज’ वृक्षाचा दर्जा देण्याची कल्पना आणली. जुन्या वाड्यातील वा बंगल्यातील आंबा, वड, चिंच सहज या वयाची असतात, याचा मालकांना पत्ताही नसतो.

अर्थात कायद्याची दुसरी बाजूही आहे. जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूर येथे सकाळी फिरायला निघालेल्या एका महिलेच्या अंगावर नारळाचे झाड कोसळून तिचा मृत्यू झाला. हे झाड काढावे यासाठी रहिवाशांनी आधीच अर्ज केला होता, ही बाब त्यावेळी पुढे आली. झाड वरून धडधाकट दिसणे आणि ते आतून धड असणे यांत फरक असतो. बुंध्यावर उगवलेली भूछत्रे, मुळांजवळ उचललेली माती, ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज आणि अलीकडे वाढलेला कल, ही लक्षणे अर्जात आवर्जून नोंदवावीत, छायाचित्रासह नोंदवावीत आणि पोच घ्यावी. धोक्याची लेखी सूचना दिल्याचा कागद पुढे कामास येतो. अर्ज मे महिन्यात नव्हे, फेब्रुवारी-मार्चमध्ये करावा. पावसाळ्याच्या तोंडावर उद्यान विभागाकडे अर्जांचा ढीग पडतो. झाड कोसळलेच तर अग्निशमन दलाला कळवावे.

परवानगी हाती आली तरी निम्मेच काम झालेले असते. लाकूड ठेकेदारानेच न्यावे, या बोलीवर काम स्वस्तात होते. पण मग जितके जास्त कापले तितका त्याचा लाभ, हे साधे गणित मालकाच्या ध्यानात येत नाही. एका वेळी हिरव्या पर्णसंभाराचा चौथा हिस्सा, ही वृक्षतज्ज्ञांनी सांगितलेली कमाल मर्यादा आहे. शेंडा छाटून झाड ‘आटोपशीर’ करण्याची पद्धत सर्वांत घातक. कापलेल्या जागी धुमाऱ्यांचा झुपका येतो, या नव्या फांद्या वरवर चिकटलेल्या असतात आणि तीन-चार वर्षांनी वादळात त्याच प्रथम मोडतात. नारळाला तर एकच कोंब. तो गेला की झाड गेले.

जड फांदी तीन घावांत उतरवितात. पहिला घाव बुंध्यापासून हातभर अंतरावर खालच्या बाजूने, अर्ध्याहून कमी. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी खाली येते आणि साल बुंध्यापर्यंत सोलत जात नाही. तिसऱ्या घावाने उरलेला खुंट काढावयाचा, तोही बुंध्याला घासून नव्हे. फांदी जेथे बुंध्याला मिळते तेथे एक फुगीर कडे असते. ते कडे राखून त्याच्या बाहेर कापले की जखम स्वतःहून भरते. अमेरिकेच्या वन सेवेतील संशोधक ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडे उभी चिरून हे दाखवून दिले. झाड कुजलेला भाग बरा करीत नाही, तर त्याभोवती भिंत उभारते, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा. जखमेवर डांबर किंवा रंग फासल्याने कुजणे थांबत नाही, हेही त्यांनीच सांगितले. आपल्याकडे मात्र कापलेल्या फांदीवर गेरू फासल्याशिवाय माळ्याचे समाधान होत नाही.

घाव घालण्यापूर्वी झाडावर घरटी आहेत का, हे पाहणे आवश्यक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना इजा पोहोचविणेही येते. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात सप्टेंबर २०२२ मध्ये रस्तारुंदीकरणासाठी चिंचेचे झाड पाडले गेले आणि त्यावरील पिले रस्त्यावर आपटून मेली, तेव्हा याच कायद्याखाली गुन्हा नोंदविण्यात आला. आपल्याकडे गायबगळे आणि रातबगळे पावसाळ्यातच मोठ्या झाडांवर एकत्र वीण करतात. अशा झाडाची छाटणी पिले उडून जाईपर्यंत पुढे ढकलावी, तशी विनंती वृक्ष अधिकाऱ्यालाही करता येते. छाटणीच्या दिवशी परवानगीपत्राची प्रत फाटकापाशी लावून ठेवल्यास वाटेने जाणाऱ्या वृक्षप्रेमींचे आणि पोलिसांचे प्रश्न तेथेच मिटतात.