नॉर्टन का डुलायची?

जुनी टूरिंग बाइक शंभरच्या पुढे गेली की मागून कुणीतरी सीट धरून हलकेच हलवतंय असं वाटायला लागतं. सरळ रस्त्यावर कमी, लांबलचक वळणावर जास्त. मग ग्रुपमधला कोणीतरी अनुभवी माणूस सांगतो, "चासी लवतेय. दोन पट्ट्या वेल्ड करून घे."

सल्ला मनापासूनचा असतो, पण पट्टी नेमकी कुठे लावायची हे कोणी सांगत नाही. याचं उत्तर मला सगळ्यात छान सापडलं ते नॉर्टन या ब्रिटिश कंपनीच्या दोन फ्रेम्समध्ये. एक 1950 ची, दुसरी 1967 ची.

आधी थोडी थिअरी, घाबरू नका. बाइकची दोन्ही चाकं एका प्रतलात राहायला हवीत. वळणात टायर बाजूला ढकलतात आणि स्टिअरिंग हेड ते स्विंगआर्मचा खिळा एवढ्या भागाला पीळ बसतो. हा पीळ सुटताना मागचं चाक पुढच्याच्या मागे मागे थोडं उशिरा येतं आणि डोलणं सुरू होतं. इंग्रजीत याला वीव्ह म्हणतात. वेग वाढला की हे डोलणं आपोआप शमत नाही. तिथे माणसं पडतात, म्हणून हा विषय फक्त हौसेचा नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर नॉर्टनच्या रेसिंग बाइक्सना 'गार्डन गेट' नावाची फ्रेम होती. इंजिन उत्तम, पण फ्रेम जड आणि तडकणारी. त्यावर इलाज काढला बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसने. त्याची फ्रेम कागदावर अगदी साधी दिसते: सव्वा इंच व्यासाच्या नळ्यांची दोन बंद वेटोळी, शेजारी शेजारी, स्टिअरिंग हेडपाशी एकमेकांना छेदणारी. मागे स्विंगआर्म. वजन वाढवून नाही, तर नळ्या कुठून कुठे जातात ते बदलून त्याने पीळ कमी केला.

निकाल? जून 1950 मध्ये आइल ऑफ मॅनवर ज्युनिअर आणि सीनिअर अशा दोन्ही टीटी शर्यतींत पहिले तिन्ही नंबर नॉर्टनचे! सीनिअर जिंकली जेफ ड्यूकने, ज्युनिअर आर्टी बेलने. हॅरोल्ड डॅनिएल हा रायडर म्हणे म्हणाला की पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं, आणि फ्रेमचं नाव 'फेदरबेड' पडलं. पुढे लोकांनी तिच्यात ट्रायम्फचं इंजिन बसवून 'ट्रायटन' बनवल्या, त्या आजही कॅफे रेसरवाल्यांचं दैवत आहेत.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण नाही संपली, कारण इंजिन वाढत गेलं.

नॉर्टनचं पॅरलल ट्विन इंजिन मुळात 497 सीसीचं. दोन्ही पिस्टन एकदम वर, एकदम खाली. 1962 च्या अ‍ॅटलासमध्ये ते 745 सीसीचं झालं आणि थरथर असह्य झाली. फेदरबेड कडक, इंजिन तिला घट्ट बोल्ट केलेलं, त्यामुळे सगळी थरथर थेट रायडरच्या हातापायांत. दिवसभर टूरिंग करायचं म्हणजे शिक्षाच. नवीन इंजिन बनवायला पैसे नव्हते. (जुना कोड रीराइट करायला बजेट नाही, वरून रॅपर लावा. ओळखीचं वाटतंय ना?)

तो रॅपर म्हणजे 1967 ची कमांडो. श्टेफान बाउअर, बर्नार्ड हूपर आणि बॉब ट्रिग या तिघांनी इंजिन, गिअरबॉक्स आणि स्विंगआर्म हे सगळं एका पाळण्यात एकत्र बसवलं आणि तो अख्खा पाळणा रबरावर फ्रेममध्ये टांगला. नाव दिलं 'आयसोलास्टिक'. फ्रेमला वरून सव्वादोन इंची एकच मोठी नळी. पातळ नळीची पीळ रोखण्याची क्षमता व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे पत्र्याची जाडी तीच धरली तर फेदरबेडच्या एका नळीपेक्षा ही जवळपास सहा पट कडक!

थरथर गायब झाली. 'मोटर सायकल न्यूज'च्या वाचकांनी 1968 ते 1972 सलग पाच वर्षं कमांडोला 'मशीन ऑफ द इयर' निवडलं. 1972 मध्ये मोठ्या टाकीची 'इंटरस्टेट' आली, खास लांबच्या प्रवासासाठी.

पण आता मागचं चाक रबरावर होतं. रबराने वर-खाली आणि पुढे-मागे हलावं, बाजूला मात्र अजिबात हलू नये, अशी अपेक्षा. बाजूचं हलणं रोखायला माउंटिंगच्या टोकांना वॉशर आणि पातळ शिम होते. मोकळीक किती ठेवायची? एका इंचाचा शंभरावा भाग, म्हणजे पाव मिलिमीटर. जास्त ठेवली तर बाइक डुलते, फार कमी ठेवली तर थरथर परत येते. शिम झिजत, मालक दुर्लक्ष करत आणि "कमांडोची फ्रेम लवते" अशी बदनामी होई. फ्रेम बिचारी ताठ उभी असायची!

पट्टीची गोष्टही याच गाडीत आहे. सुरुवातीच्या कमांडोला स्टिअरिंग हेडपाशी मजबुतीसाठी मोठा गसेट, म्हणजे पत्र्याची पट्टी, होता. तडे तिथेच जायला लागले, कारण पट्टी संपते तिथे सगळा ताण गोळा होतो. नळ्या बनवणाऱ्या रेनॉल्ड्स कंपनीच्या केन स्प्रेसनने 1969 मध्ये तो गसेट काढून एक आडवी नळी घातली, त्रिकोण पूर्ण केला आणि तडे थांबले.

बाकीचे उपाय तर त्याहून छोटे. 1975 च्या मार्क थ्रीमध्ये कंपनीने शिम काढून आट्यांनी मोकळीक जुळवायची सोय दिली आणि ढिला होणारा स्विंगआर्मचा खिळा कॉटर पिननी आवळला. मालकांनी स्वतःचा एक उपाय शोधला: सिलिंडर हेड ते फ्रेम अशी एक आडवी दांडी, दोन्ही टोकांना बॉल जॉइंट. इंजिनाने वर-खाली हवं तेवढं नाचावं, बाजूला नाही. वेल्डिंग शून्य, फरक मात्र पहिल्याच वळणावर कळतो.

म्हणजे "फ्रेम कडक कर" हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या दिशेने कडक, आणि कुठल्या दिशेने मोकळी, हे विचारायला हवं. जुन्या खाटेवर बसल्यावर ती हलते ती लाकूड वाकतं म्हणून नाही, सांधे ढिले असतात म्हणून. त्यामुळे तुमची जुनी बाइक डुलत असेल तर आधी स्विंगआर्मचे बुश, स्टिअरिंगचे बेअरिंग, चाकाचे बेअरिंग, स्पोक आणि टायर बघा. चाक हाताने धरून डावी-उजवीकडे हलवा, 'टक' असा आवाज आला की दोषी सापडला. वेल्डिंग मशीन सगळ्यात शेवटी.

कमांडोचं उत्पादन 1977 मध्ये थांबलं. नॉर्टन हे नाव पुढे बऱ्याच हातांतून फिरलं आणि एप्रिल 2020 मध्ये आपल्या टीव्हीएसने ते विकत घेतलं. बर्मिंगहॅमची गादी शेवटी तामिळनाडूत येऊन पोचली. असो. तोवर पाव मिलिमीटर विसरू नका.