बोर्डिंगमधली आई



नातवाला बोर्डिंगला ठेवायचं आमच्या घरी चाललंय. सुनेने फी, निकाल, मैदान सगळं कागदावर मांडलं. मी कॉमर्सची, हिशेब मलाही आवडतो. पण कागद वाचताना मला लक्ष्मीबाई पाटील आठवल्या.

त्यांचे यजमान कर्मवीर भाऊराव, कुंभोजला जैन घरात जन्मलेले. स्वतः कोल्हापूरच्या दिगंबर जैन बोर्डिंगात राहिलेले. १९१९ मध्ये काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत. या मुलांचं खाणंपिणं, दुखणंखुपणं लक्ष्मीबाईंनी पाहिलं. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई त्या मुलांची आई झाली. धान्याला पैसे नसत तेव्हा अंगावरचे दागिने एकेक करून गेले, शेवटी मंगळसूत्रही. १९३० मध्ये त्या गेल्या.

माझ्या मुलाला अकराव्या वर्षी बोर्डिंगला ठेवलं, तेव्हा मी काय विचारलं? जेवण सूर्यास्ताआधी मिळेल का, कंदमुळं वाढतात का. रात्री ताप आला तर उशाशी कोण बसतं, हे विचारलंच नाही. तो तीन दिवस तापात एकटाच पडून होता. मला ते दिवाळीच्या सुट्टीत कळलं, तेही त्याच्या मित्राकडून.

म्हणून सुनेला म्हटलं, "कागदावर आणखी एक ओळ लिही. तिथली लक्ष्मीबाई कोण? तिला भेटून ये, मग ठरवू."