घोडा ज्याचा त्याचा

मावळा काढा म्हटलं की पोरं घोड्यावर बसलेला माणूस काढतात. भोरच्या शाळेत इतिहास शिकवताना अशी चित्रं मी वर्षानुवर्षं तपासली आणि मार्कही दिले. पण हिरडस मावळ, वेळवंड खोरं, गुंजण मावळ, कानद खोरं इथला गडी लढला तो बहुतेक पायीच. तोरण्याच्या चढावर घोड्याला काय करायचंय? शिवाय आमचा मुलूख भातखाचरांचा. कडबा नि हरभरा पिकतो शिरवळच्या खाली, नीरेच्या आणि भीमेच्या काठानं, त्यामुळे घोडी पोसली जायची तिकडं. भीमथडीच्या तट्टांचं नाव अजून टिकून आहे ते उगीच नव्हे. हे सगळं सांगायचं कारण असं, की १७०७ साली मराठ्यांत घरचीच लढाई जुंपली तेव्हा घोडेवाले एका तऱ्हेनं वागले आणि गडवाले दुसऱ्या तऱ्हेनं. त्या गडवाल्यांतला मोठा माणूस आमच्या भोरचा.

शिवाजी महाराजांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. बखरकार सभासदानं या पागेची रचना लिहून ठेवली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. नालबंदाची आठवण ठेवणारं राज्य मला फार आवडतं. शिलेदार मात्र घोडा आणि हत्यार घरचं घेऊन यायचा. घोडा पडला की त्याची अर्धी इस्टेट गेली, म्हणून तो कुणासाठी धावायचं हे बघूनच धावायचा.

१६८९ मध्ये रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले, आणि मग पागा तरी कुठली राहणार? त्यापुढचं सैन्य उभं राहिलं ते ज्यानं त्यानं आपापली माणसं नि घोडी जमवून, सरंजामाच्या आणि वतनाच्या भरवशावर. वतनाची ओढ किती, ते आमच्या कारीच्या जेध्यांच्या घराण्यातच बघा. अफजलखान आला तेव्हा कान्होजी जेध्यांनी पाच मुलांसह येऊन वतनावर पाणी सोडलं होतं. त्याच घराण्यातल्या बाजी सर्जेरावांना मोगलांकडून परत बोलवायला १६९० साली राजाराम महाराजांना पत्र लिहावं लागलं. कुणाला यात फितुरी दिसेल. मला काळ दिसतो.

औरंगजेब १७०७ च्या सुरुवातीला अहमदनगरला मेला. मे महिन्यात त्याचा मुलगा आझमशहा यानं मोगलांच्या कैदेतल्या शाहूमहाराजांना, संभाजी महाराजांच्या मुलाला, सोडलं. ते खानदेशात उतरले तेव्हा बरोबर फार थोडी माणसं. परसोजी भोसले, नेमाजी शिंदे, हैबतराव निंबाळकर आपापली पथकं घेऊन त्यांना मिळाले. कुणी हुकूम केला नव्हता. राजाराम महाराजांच्या मागे राज्य चालवणाऱ्या त्यांच्या राणी ताराबाई, त्यांच्या बाजूनं आवई उठवली की हा तोतया आहे; तेव्हा परसोजींनी शाहूंबरोबर एका ताटात जेवून ती खोडून काढली. पुढं दसरा उलटल्यावर भीमेकाठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. ताराबाईंनी सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून शपथा घेतल्या होत्या. सेनापती धनाजी जाधवांनी आधीच आतून बोलणं केलं होतं. लढाई सुरू झाली नि ते शाहूंकडे गेले. परशुरामपंत प्रतिनिधी लढले आणि साताऱ्याकडे मागं सरले. १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला.

धनाजींना मी दोष देत नाही. ज्याच्या हाताखाली हजारो शिलेदार, त्याला त्यांचा कल बघावाच लागतो. आमच्या भोरच्या शंकराजी नारायण सचिवांचं तसं नव्हतं. राजाराम महाराजांनी त्यांना सचिवपद दिलेलं. औरंगजेबानं १७०४ मध्ये राजगड आणि तोरणा घेतला होता. तो या डोंगरांतून माघारी वळताच सचिवांनी गेलेले किल्ले परत मिळवायला सुरुवात केली. त्यांची ताकद ती या तटांत नि मावळ्यांत. घोडा एका रात्रीत छावणी बदलतो, राजगड काय बदलणार! शाहू शिरवळच्या बाजूला येऊन किल्ले मागू लागले. समोर छत्रपतींचा खरा वारस, मागे ताराबाईंना दिलेली शपथ. शंकराजींनी अंबवड्याला देह ठेवला. जलसमाधी घेतली असं आमच्याकडे सांगतात. विष घेतलं असंही कुणी म्हणतं. त्यांची समाधी तिथं नागेश्वराच्या देवळाजवळ आहे. लोक तिथला झुलता पूल बघून परततात, समाधीकडे वळणारा एखादाच. शाहूंनी सचिवपद त्यांच्या अगदी लहान मुलाला, नारो शंकरांना दिलं, आणि घराणं राहिलं.

पण लढाई संपली नव्हती. ती १७३१ च्या वारणेच्या तहापर्यंत चालली आणि तेवढ्यात घोडेवाल्यांनी किती फेऱ्या मारल्या! धनाजींचा मुलगा चंद्रसेन १७११ मध्ये एका हरणावरून शाहूंच्या बाजूच्या बाळाजी विश्वनाथांशी भांडला आणि शाहूंना सोडून गेला. चंद्रसेनाचा पाठलाग चुकवत बाळाजी पुरंदरला पोचले, तर सचिवांच्या माणसांनी दार उघडलं नाही. सरदार दमाजी थोरातानं तर कहरच केला. बेलभंडाऱ्याची शपथ घेऊन त्यानं बाळाजींना हिंगणगावच्या गढीत बोलावलं आणि धरलं. वर म्हणाला म्हणे, बेल म्हणजे झाडाचं पान आणि भंडारा म्हणजे रोज खातो ती हळद. एक शपथ मोडवेना म्हणून अंबवड्यात जीव देणारा आणि हा, दोघं एकाच काळातले.

बाळाजी दंड भरून सुटले. मग थोरातावर चालून जायचं सचिवांवर आलं, आणि पोरवयाचे नारो शंकर त्यांच्या कारभाऱ्यासकट त्याच्याच कैदेत पडले. बाळाजी १७१३ मध्ये पेशवे झाले आणि त्यांनी सचिवांना सोडवलं. मुलगा हाती आल्यावर त्याच्या आईनं, येसूबाईंनी, त्या बदल्यात पुरंदर पेशव्यांना दिला. दार न उघडलेला तो गड असा बाळाजींच्या हाती आला. त्याच गडावर १७७४ साली पेशवे सवाई माधवरावांचा जन्म झाला.