'स्टारबोर्ड'ची कुळकथा

जहाजाच्या उजव्या बाजूस इंग्रजीत 'स्टारबोर्ड' म्हणतात. या शब्दाचा ताऱ्यांशी संबंध असावा, असे आपणांस सहज वाटते. पण तसे नाही. जुन्या इंग्रजीत तो 'स्टेओरबोर्ड' होता. 'स्टेओर' म्हणजे सुकाणू, 'बोर्ड' म्हणजे जहाजाची बाजू. उत्तर युरोपातील नाखवे त्या काळी उजव्या अंगाला बांधलेल्या रुंद वल्ह्याने नाव वळवीत. नॉर्वेत १९०४ साली उकरून काढलेल्या ओसेबर्ग नौकेचे सुकाणू उजवीकडेच आहे. पोर्तुगीजांचा 'एस्तिबोर्दु'ही याच जर्मानिक कुळातला.

सुकाणू धक्क्यावर आपटू नये म्हणून नाव डाव्या अंगाने लागे. माल तिकडूनच चढे. म्हणूनच बहुधा त्या बाजूस 'लाडबोर्ड' हे नाव पडले. पुढे 'स्टारबोर्ड'च्या सहवासात त्याचे 'लारबोर्ड' झाले. शब्दांनाही संगत बाधते, असे आम्हांस वाटते! ही संगत मात्र जीवावर बेतणारी होती. वादळात ओरडून दिलेल्या हुकमात दोन्ही शब्द सारखेच ऐकू येत, आणि भलत्या दिशेला वळलेले जहाज खडकावर जाण्यास एक क्षण पुरे. अखेर १८४४ साली ब्रिटिश नौदलाने 'लारबोर्ड' रद्द केला आणि खलाशांच्या तोंडी पूर्वीपासून असलेला 'पोर्ट' हा शब्द सक्तीचा केला.