कंसातलं साल

‘श्यामची आई (१९५३)’. घरच्या मीडिया सर्व्हरवर चित्रपट मांडणाऱ्याला एवढं एक नाव नीट लिहिता आलं की निम्मं काम झालं. फोल्डरला हे नाव, आतल्या फाइललाही हेच, शेजारी याच नावाची उपशीर्षकांची फाइल. जेलिफिन असो, प्लेक्स असो की कोडी, प्रोग्रॅम हे नाव वाचतो, कंसातलं साल वेगळं काढतो, इंटरनेटवरच्या चित्रपटसूचीला विचारतो आणि पोस्टर, दिग्दर्शक, नटमंडळी, कथासार असं सगळं आणून पडद्यावर मांडतो. साल गाळलं तर आचार्य अत्र्यांच्या चित्रपटावर सुजय डहाके यांच्या २०२३च्या ‘श्यामची आई’चं पोस्टर येऊन बसू शकतं. दोन्ही कृष्णधवल, दोन्ही साने गुरुजींच्या पुस्तकावरचे. चूक चटकन लक्षातही येत नाही.

नाव लिहायची ही रीत कुणा एका कंपनीने ठरवलेली नाही. तिचा एकेक तुकडा वेगळ्या काळातून आणि वेगळ्या माणसांकडून आला आहे. त्यांचा माग काढत मागे गेलं की एक गोष्ट दिसत जाते. पूर्वी खोका, कप्पा, फोल्डर हे सगळं वस्तू कुठे आहे ते सांगण्यासाठी होतं. आजच्या सर्व्हरवरचा फोल्डर ती वस्तू कोण आहे ते सांगतो. घरी चित्रपट लावताना होणारे बहुतेक घोळ हा बदल ध्यानात न घेतल्यामुळे होतात.

चित्रपटाचं पहिलं घर म्हणजे पत्र्याचा डबा. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तो चार रिळांचा होता. पुढे बोलपट आले. हजार फुटांचं रीळ सेकंदाला चोवीस चौकटींच्या वेगाने जेमतेम अकरा मिनिटं पुरतं, म्हणजे दोन-अडीच तासांच्या बोलपटाला डझनभर डबे लागायचे. डब्यावर चित्रपटाचं नाव, भाषा आणि रिळाचा क्रमांक. प्रोजेक्शनच्या खोलीत तेवढं पुरत असे, कारण ऑपरेटरला फक्त पुढचं रीळ कोणतं एवढंच हवं असतं.

खरी ओळख डब्यावर नव्हतीच, ती सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर होती. चित्रपट सुरू होण्याआधी काही क्षण दिसणारं आणि कुणीच न वाचणारं ते पान पाहा: नाव, भाषा, प्रमाणपत्राचा क्रमांक, तारीख, लांबी, रिळांची संख्या. एकाच नावाचे दोन चित्रपट वेगळे ओळखायला जे जे लागतं, ते बहुतेक त्या एका पानावर आहे. आपल्याकडच्या चित्रपटाला इतकी नेमकी नोंद दुसऱ्या कुणी दिलेली नाही, आणि घरी संग्रह करणाऱ्यांनी ती वाचायची सवय लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

नोंदीचं मोल ज्यांना सगळ्यात आधी कळलं, त्यांतले एक पी. के. नायर. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि नायरांनी त्यासाठी देशभरातून रिळं गोळा केली. ‘राजा हरिश्चंद्र’चे दिग्दर्शक दादासाहेब फाळके यांच्या कुटुंबीयांकडूनही त्यांनी रिळं मिळवली. ‘राजा हरिश्चंद्र’चं जे आज उरलं आहे, त्यावरून तज्ज्ञांत अजून वाद आहे, कारण फाळक्यांनी १९१७ मध्ये तीच कथा पुन्हा चित्रित केली होती. उरलेली रिळं १९१३ची की १९१७ची? कथा तीच, दिग्दर्शक तोच. कंसातल्या चार अंकांसाठी अभ्यासक चौकट न् चौकट तपासतात. भारतीय चित्रपटाचा इतिहास जिथून सुरू होतो तिथेच साल संशयात आहे. त्यामुळे साल ही वरवरची सोय आहे असं मला कधीच वाटलं नाही.

संग्रहालयात डबा कुठे ठेवायचा हे चित्रपटाच्या विषयावर ठरत नाही, फिल्मच्या प्रकृतीवर ठरतं. नायट्रेटची फिल्म भडकन पेटते म्हणून ती वेगळी. रंगीत फिल्मचे रंग उडतात म्हणून तिला जास्त थंडावा. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची कित्येक रिळं गेली. म्हणजे डब्याची जागा एका हिशेबाने आणि सूचीतली नोंद दुसऱ्या हिशेबाने. पेशवे दप्तरातही हेच आहे: कागद रुमालात बांधलेले, रुमालाला क्रमांक, आणि आत काय आहे ते सांगणारी यादी निराळी. दप्तरखान्यांना हे फार पूर्वी उमगलं होतं. कॉम्प्युटरने मात्र काही काळ जागा आणि ओळख एकाच गाठीत बांधून टाकली.

ती गाठ कचेरीतून आली. कागद आडवे रचण्याऐवजी फोल्डरमध्ये घालून उभे लावायची पद्धत लायब्ररी ब्यूरोने १८९३च्या शिकागो प्रदर्शनात लोकांपुढे मांडली. १९६५ साली रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनी मल्टिक्स या कॉम्प्युटरच्या प्रणालीसाठी फाइलींची रचना मांडली: फांदीतून फांदी फुटणारी, एका डिरेक्टरीत दुसरी. युनिक्सने ती उचलली, आणि १९८३ मध्ये डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर ती घरच्या कॉम्प्युटरवर आली. झाडाची ही रचना देखणी आहे, पण तिच्यात एक पान एकाच फांदीवर असतं. ‘सिंहासन’ कुठे ठेवाल? राजकीय, मराठी, जब्बार पटेल की निळू फुले?

आपल्याकडे घरोघरी चित्रपट फाइलीच्या रूपात पोचला तो व्हीसीडीवर. एका तबकडीवर साधारण ७४ मिनिटं मावायची, म्हणून चित्रपट दोन तबकड्यांत, कधी तीनांत. तबकडी कॉम्प्युटरमध्ये घातली की ‘एमपेगएव्ही’ नावाचा फोल्डर दिसे आणि त्यात ‘एव्हीसेक०१’ ही फाइल. जगातल्या प्रत्येक व्हीसीडीवर नाव हेच. म्हणून ती हार्ड डिस्कवर उतरवली की पहिलं काम नाव देण्याचं, आणि तिथे प्रत्येकाची रीत वेगळी: ‘बनवाबनवी भाग १’, ‘लक्ष्या कॉमेडी’, ‘नवीन’, ‘नवीन २’. पुढे डिव्हएक्स हे चित्र दाबून फाइल लहान करणारं कोडेक आलं, अख्खा चित्रपट ७०० एमबीच्या सीडीवर मावू लागला. मोठा असेल तर दोन सीडी. आजही प्लेक्ससारखे प्रोग्रॅम फाइलच्या नावाच्या शेवटी सीडी१, सीडी२ किंवा पार्ट१, पार्ट२ असं दिसलं की ते तुकडे जोडून सलग दाखवतात. तबकड्या अडगळीत गेल्या, पण त्यांनी घातलेली फाळणी फाइलींच्या नावांत टिकली आहे.

याच काळात नावांमध्ये ठिपके शिरले. शब्दांच्या मध्ये रिकामी जागा नाही, ठिपका. मग साल, मग प्रत कशावरून काढली, मग कोणतं कोडेक, शेवटी आडवी रेघ आणि गटाचं नाव. ही चोरून प्रती वाटणाऱ्या गटांची रीत. कमांडच्या ओळीत रिकामी जागा म्हणजे शब्द संपला, म्हणून ती टाळायची. याच मंडळींनी सोबत एक माहितीची फाइलही जोडायला सुरुवात केली. एनएफओ हे तिचं शेपूट १९९० साली ‘द हम्बल गाइज’ या गटाने रूढ केलं. तेव्हा ते चित्रपट नव्हे, कॉम्प्युटरचे खेळ फोडत. त्यांचा धंदा कलावंतांच्या पोटावर पाय देणारा होता आणि त्याचं समर्थन करता येत नाही. पण वस्तूच्या शेजारी तिची नोंद ठेवायची, दोघी एकत्रच हलवायच्या, ही पद्धत त्यांच्याकडून पुढे आली. कोडी आणि जेलिफिन आज ज्या एनएफओ फाइली वाचतात, त्यांत आता नीट रचलेली माहिती असते: मूळ नाव, साल, दिग्दर्शक, कलावंत.

कंसाचं घराणं मात्र सरळ आणि प्रामाणिक आहे. अमेरिकेत टीव्हीवर जुने चित्रपट दिवसरात्र दाखवू लागले तेव्हा प्रेक्षकाला कळेना की आज लागलेला तो कोणता. लेनर्ड मॉल्टिन या विशीच्या आतल्या मुलाने १९६९ मध्ये अशा चित्रपटांची मार्गदर्शिका काढली: नाव, कंसात साल, लांबी, दोन ओळींचं मत. पुढची कित्येक वर्षं तिच्या आवृत्त्या निघत राहिल्या. मग यूजनेट या कॉम्प्युटरवरच्या चर्चागटांतल्या चित्रपटप्रेमींनी नटनट्यांच्या याद्या करायला घेतल्या, आणि ऑक्टोबर १९९० मध्ये ब्रिस्टलच्या कॉल नीडहॅमने त्या याद्यांत शोध घेणारे छोटे प्रोग्रॅम लिहून सगळ्यांना दिले. आयएमडीबी जन्मली ती तिथे. त्या याद्या साध्या मजकुराच्या होत्या. नटाच्या यादीतला चित्रपट आणि दिग्दर्शकाच्या यादीतला चित्रपट एकच आहे हे यंत्राला कळायला दोन्हीकडे अक्षरशः सारखं नाव हवं, म्हणून नाव आणि कंसात साल हीच त्या चित्रपटाची ओळख ठरली. एकाच साली एकाच नावाचे दोन निघाले तर सालापुढे तिरकी रेघ देऊन रोमन अंक. आपण आज फोल्डरवर लिहितो ते नाव या याद्यांच्या थेट वंशातलं आहे. आता बहुतेक सर्व्हर ज्या टीएमडीबीला विचारतात, ती सूची ट्रॅव्हिस बेलने २००८ साली सुरू केली, पोस्टरं एकमेकांना देता यावीत म्हणून.

उरला सर्व्हर. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळाच्या खोक्यात फेरफार करून टीव्हीवर फाइली दाखवणारा एक्सबीएमसी हा प्रोग्रॅम हौशी मंडळींनी रचला. २००४ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. २०१४ पासून त्याचं नाव कोडी. त्याची मॅकवर नेलेली शाखा म्हणजे प्लेक्स. एम्बी वेगळ्या वाटेने आला, आणि त्याचा कोड बंद झाल्यावर २०१८च्या डिसेंबरात त्यातून जेलिफिन फुटला. सुरुवातीला असे प्रोग्रॅम डिस्कवरचे फोल्डर जसेच्या तसे दाखवत, म्हणून लोक ‘विनोदी’, ‘ऐतिहासिक’, ‘दादा कोंडके’ असे फोल्डर करत. मग प्रोग्रॅमने स्वतःची सूची ठेवायला सुरुवात केली आणि ते सगळे फोल्डर निरुपयोगी झाले. सूचीत ‘सिंहासन’ एकाच वेळी राजकीयही असतो आणि निळू फुल्यांचाही. एका ग्रंथाला एकाच वेळी अनेक पैलू असतात हे एस. आर. रंगनाथन यांनी मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून ओळखलं होतं, १९३३ साली त्यांनी आपली कोलन वर्गीकरणपद्धती छापलीही. त्यांना मात्र शेवटी पुस्तक एकाच फळीवर ठेवावं लागे. इथे फळीचा प्रश्नच नाही. म्हणून माझं सांगणं ठाम आहे: विषयवार, नटवार फोल्डर मोडून टाका. एक चित्रपट, एक फोल्डर, नाव आणि साल.

मराठी चित्रपटाला एवढं पुरत नाही, याचं वाईट वाटतं. प्रभातने १९४१ मध्ये ‘शेजारी’ काढला आणि त्याच साली हिंदीत ‘पडोसी’. आवाज बदलून केलेलं ते भाषांतर नव्हे. मराठीत गजानन जागीरदारांसमोर केशवराव दाते आहेत, हिंदीत मझहर खान. एमकेव्ही फाइलीत हवे तितके ध्वनिपट मावतात म्हणून दोघांना एका फोल्डरमध्ये कोंबण्याचा मोह होतो, पण ते दोन चित्रपट आहेत, त्यांना दोन फोल्डर हवेत. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’चंही तेच. साल तरी कोणतं धरायचं? चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ व्हेनिसला २०१४ मध्ये दाखवला गेला, आपल्या थिएटरांत आला २०१५च्या एप्रिलमध्ये. मी पहिल्या जाहीर खेळाचं साल धरतो आणि सगळीकडे तेच ठेवतो.

देवनागरीत नाव लिहिलं तर आणखी अडचणी. लिनक्सवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. काना-मात्राही त्यात मोजले जातात. ‘वऱ्हाड’मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एकच चिन्ह म्हणून किंवा र आणि खाली नुक्ता म्हणून. मॅकची जुनी फाइलप्रणाली तो फोडून साठवत असे, म्हणून तिथून आणलेलं नाव दिसायला तेच पण यंत्राच्या लेखी निराळं असू शकतं. रोमन लिपीत जावं तर ‘श्वास’ची दोन-तीन स्पेलिंगं. तरी मी फोल्डर देवनागरीतच ठेवतो आणि नावापुढे चौकटी कंसात टीएमडीबीचा क्रमांक जोडतो. जेलिफिन मग नावावरून तर्क करत बसत नाही, थेट त्या क्रमांकाची नोंद उघडतो.

जुन्या मराठी चित्रपटांच्या नोंदी मात्र या सूच्यांत कितीदा तरी अर्ध्या असतात: पोस्टर नाही, संगीतकार नाही, गीतकाराचा पत्ता नाही. टीएमडीबीत खातं उघडून कुणालाही ती भर घालता येते, आणि ज्याच्याकडे चित्रपट आहे त्याच्याकडे श्रेयनामावलीही आहे. चित्रपट थांबवून ती उतरवून घ्यायला फार वेळ लागत नाही. सूचीत न बसणाऱ्या गोष्टी एनएफओमध्ये जातात: ही प्रत व्हीसीडीवरून घेतली की टीव्हीवरून, एखादं गाणं कापलेलं आहे का, प्रमाणपत्रावर लांबी किती आहे आणि आपल्या फाइलीत त्यातलं किती भरतं. शेवटी त्या फाइलीत ‘लॉकडेटा’ ही खूण खरी करायची, म्हणजे पुढच्या वेळी जेलिफिन आपण लिहिलेलं पुसून इंटरनेटवरचं अर्धवट पुन्हा आणून ठेवत नाही.