मांजराचे नखुर्डे

घोड्यासाठी शालिहोत्राचे शास्त्र आहे. हत्तीसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद आहे. शिकारीच्या ससाण्यांना काय होते आणि त्यावर काय द्यावे, हे कुमाऊंचा राजा रुद्रदेव 'श्यैनिकशास्त्रा'त सांगून गेला. अग्निपुराणात घोडे, हत्ती आणि गायी यांच्या उपचारांचे अध्याय आहेत. सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात माणसांच्या चिकित्सेबरोबर पशूंच्या चिकित्सेचीही सोय केल्याचे शिलालेखात कोरून ठेवले. एवढ्या मोठ्या परंपरेत मांजराच्या औषधाचा एखादा स्वतंत्र ग्रंथ मी पुष्कळ दिवस शोधतो आहे. अजून हाती लागलेला नाही.

शोधायला निमित्त झाले ते पेडण्यातल्या एका मांजरीच्या पायाचे. ती हकीकत पुढे येईलच. आधी हा ग्रंथ का नसावा, ते पाहू.

ज्या जनावरावर राज्य चालते किंवा शेत पिकते, त्याचे शास्त्र तयार होते. घोडा आणि हत्ती म्हणजे सैन्य, गाय-बैल म्हणजे धन. मांजर कुणी विकत घेत नाही, विकत नाही. ते शेजारून येते, चुलीपाशी बसते आणि कणगीतल्या भाताची राखण करून आपले पोट आपणच भरते. मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे, असे आपल्याकडे म्हणत. म्हणजे मारण्याचे प्रायश्चित्त ठरलेले होते, आजारी पडले तर काय करावे ते ठरलेले नव्हते.

हे केवळ आपल्याकडचे नाही. युरोपात पहिले पशुवैद्यक विद्यालय १७६२ साली फ्रान्समधील ल्योन येथे निघाले, ते घोडे आणि गुरे डोळ्यांपुढे ठेवून. मुंबईत १८८६ साली परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, तिथेही भर घोड्यांवर आणि गुरांवरच होता. मांजराचे नाव सरकारी वैद्यकात ठळकपणे आले ते प्लेगच्या काळात. १९०८ च्या सुमारास अमरावतीकडे काम करणाऱ्या अँड्र्यू ब्यूकॅनन या इंग्रज डॉक्टरने लिहिले की ज्या गावांत घरोघर मांजरे आहेत, तिथे प्लेग कमी दिसतो. मांजरे पाळा, असा त्याचा सल्ला होता. पण हा सल्ला मांजर उंदीर मारते म्हणून होता. मांजराला बरे नसले तर काय, हा प्रश्न त्यातही नव्हता. केवळ मांजरांच्या आरोग्यासाठी ब्रिटनमध्ये एक संस्था उभी राहिली, त्याला १९५८ साल उजाडावे लागले.

आता आपल्या गोव्याकडे येऊ. जुन्या काबिजादीत, म्हणजे तिसवाडी, बारदेश आणि सासष्टीत, देशी वैद्यकाला पोर्तुगीज राजवटीने बरेच चिमटे काढले. १५६७ च्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांना हिंदू वैद्याकडे जाण्यास मनाई केली. १६१८ साली वैद्यांनी परीक्षा द्यावी आणि त्यांची संख्या तीसच्या वर जाऊ नये, असे ठरले. गंमत अशी की गरज पडली की फिरंगी अधिकारीही या वैद्यांनाच बोलावत, आणि गार्सिया द ओर्ताने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात मालुपा नावाच्या हिंदू वैद्याचा उल्लेख केला आहे.

डिचोली मात्र पोर्तुगिजांकडे गेली १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ साली, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. तोवर धर्मछळाचा जोर ओसरला होता आणि नव्या काबिजादीतल्या लोकांच्या चालीरीतींना हात लावायचा नाही, असे धोरण ठरले होते. त्यामुळे या दोन महालांत गावचा वैद्य, हाड बसवणारा, गुरांना डाग देणारा, अशी सगळी माणसे अगदी परवापरवापर्यंत होती. १८४२ साली पणजीत वैद्यकशाळा निघाली, तरी पेडण्याच्या शेतकऱ्याला ती फार दूर. गाय लंगडली की गावातच इलाज व्हायचा.

हा इलाज कशाचा? हळद, खोबरेल, कडुलिंबाचा पाला, किडे पडलेल्या जखमेत तंबाखू आणि चुना, पायाच्या भेगांना बिब्बा. कापले, खरचटले की कंबरमोडीचा किंवा रानमोडीचा पाला चुरगळून लावायचा. यातली कंबरमोडी आणि रानमोडी या दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. तंबाखूही तिथलाच. म्हणजे ज्याला आपण आजीचा बटवा म्हणतो, त्यात काही पाहुणेही येऊन घरचे झालेले आहेत. उपयोग दिसला की आमच्या बायकांनी जातपात विचारली नाही.

मात्र हा बटवा दोन पोटांसाठी बनलेला आहे, माणसाच्या आणि गुराच्या. मांजर त्यात कुठेच नाही, आणि इथेच खरा घोटाळा आहे.

संस्कृतात मांजराला मार्जार म्हणतात. त्याच शब्दाचे मराठीत मांजर झाले, कोकणीत माजर. मार्जार हा शब्द मृज् या धातूपासून आला असे मानतात. मृज् म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे. मार्जन, संमार्जन हे शब्द त्याच घरचे. जो सतत स्वतःला चाटूनपुसून स्वच्छ करत असतो, तो मार्जार. ज्याने हे नाव ठेवले त्याने मांजर नीट पाहिले होते. पेडण्याच्या आमच्या काकी हेच त्यांच्या भाषेत सांगतात, "माजराच्या आंगाक लायलें तें पोटांत वतलें." मांजराला लेप लावणे म्हणजे औषध पाजणेच.

आणि जे पोटात जाईल ते पचवण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी. निरनिराळी द्रव्ये निरुपद्रवी करून बाहेर टाकणारी जी यंत्रणा माणसात आणि गुरांत असते, तिचा एक महत्त्वाचा भाग मांजरात बंद पडलेला आहे. वाघ-बिबट्यांसह साऱ्या मार्जारकुळात तो बंद आहे. शास्त्रज्ञांचे मत असे की केवळ मांसावर जगणाऱ्या या कुळाला झाडपाल्यातली द्रव्ये पचवायची गरजच उरली नाही, म्हणून ती यंत्रणा गंजली. त्यामुळे गाय जे सहज पचवते ते मांजराला बाधू शकते. त्यात आजच्या घरातली बाटली आणि गोळी आणखी वाईट. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. रक्तातला प्राणवायू वाहणारा भागच निकामी होतो, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात. आयबुप्रोफेनही तसेच घातक. डेटॉलसारखी जंतुनाशके, रॉकेल, डांबरगोळ्या, निरनिराळी सुगंधी तेले, यांतले काहीही मांजराच्या जखमेला लावू नये.

मग नखाला पू झालेल्या मांजराचे करायचे काय? इथे मात्र आपला जुना ग्रंथ मदतीला येतो, जरी तो माणसांसाठी लिहिलेला असला तरी. बोटाला नखाच्या कडेला ठणका लागून पू होतो, त्याला आपण नखुर्डे म्हणतो. सुश्रुताने त्याला 'चिप्प' म्हटले आहे आणि क्षुद्ररोगांत घातले आहे. त्याचा उपाय थोडक्यात असा : आधी गरम पाण्याने शेक, मग सडलेला भाग कापून काढणे आणि पू वाहू देणे. लेप वगैरे त्यानंतरचे. घरोघरी मात्र गरम लिंबात बोट घालून बसण्याची पद्धत होती. मांजराच्या पंजावर लिंबू कोण बसवणार? पण गरम पाणी आणि निचरा हे सुश्रुताचे दोन्ही मुद्दे मांजरालाही लागू पडतात, कारण पाणी चाटले तरी बाधत नाही.

आता ती हकीकत. काकींच्या घरची मनी चौदा वर्षांची. गेल्या पावसाळ्यात ती पुढचा डावा पाय टेकेना. काकींनी पाहिले तर अंगठ्याचे नख वळून गोल झाले होते आणि तळव्याच्या गादीत रुतले होते. वास येत होता. म्हातारे मांजर झाडावर नखे घासत नाही, जुनी साल गळत नाही, नख जाड होत जाते. त्यातून अंगठ्याचे नख जमिनीला टेकतच नाही, म्हणून ते झिजतही नाही. गादीत रुतलेले नख घरी उपटायचे नसते. पावसातून पिशवीत घालून काकींनी तिला तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे नेले. बाहेर शेळ्या आणि एक पाडी, मधे ही पिशवी. डॉक्टरांनी नख कापून बाहेर काढले, जखम धुतली, एक इंजेक्शन दिले आणि आठवड्याच्या गोळ्या लिहून दिल्या. पायाला दिवसातून दोनदा मिठाचे कोमट पाणी सांगितले.

पाण्याचे जमले. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ, त्यात पंजा तीन-चार मिनिटे, मग जुन्या मऊ पंच्याने कोरडा. मनी कुरकुरायची, पण बसायची. गोळीचे मात्र जमेना. पहिल्या दिवशी गेली, दुसऱ्या दिवशी फेस काढून बाहेर टाकली, तिसऱ्या दिवशी काकींना बघताच मनी माळ्यावर. शेजारच्यांनी सुचवले, "गुळांत घालून दी." कुणी मध म्हटले.

मध सुचणे साहजिक आहे. कडू औषध मधातून, गुळातून, तुपातून देणे हे आपले अनुपान. पण मांजराला गोड चव कळतच नाही. गोड ओळखणारा जिभेवरचा घटक बनवणारे जनुकच मांजरात निकामी आहे, हे २००५ साली सिद्ध झाले. म्हणजे आपले सर्वांत जुने अनुपानही इथे फुकट. मांजराचे अनुपान मासळी. काकींनी तारल्याचे काटे काढून, बोटभर मऊ मास घेऊन तीन गोळे केले. पहिला रिकामा, दुसऱ्यात गोळी, तिसरा लगेच नाकासमोर. मनीने तिसऱ्याच्या घाईत दुसरा गिळला. दोन दिवस हे चालले. पाचव्या दिवशी तिने मास चाटून गोळी तेवढी जमिनीवर ठेवली.

त्या दिवशी काकी परत डॉक्टरांकडे गेल्या आणि सरळ सांगितले, गोळी जात नाही. मला या साऱ्या प्रकारात हे सर्वांत महत्त्वाचे वाटते. पुष्कळ लोक संकोचाने हे सांगत नाहीत, औषध अर्धवट राहते, जखम वरून मिटते आणि आत पू राहतो. तो हाडापर्यंत गेला तर बोट काढायची पाळी येते. डॉक्टरांकडे दुसरे मार्ग असतात. तेच औषध पातळ मिळते का, इंजेक्शनने पुरे करता येते का, हे तेच ठरवू शकतात. मनीला राहिलेले दिवस इंजेक्शन मिळाले. दोन आठवड्यांत ती चौथऱ्यावर उडी मारू लागली. बोट वाचले.

गोळी द्यायचीच झाली तर काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मांजराला पंच्यात गुंडाळून डोके तेवढे बाहेर ठेवावे आणि त्याला पाठीमागून धरावे. गोळी जिभेच्या मागच्या भागावर ठेवावी आणि नंतर थोडे पाणी किंवा मऊ अन्न जरूर द्यावे. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी कोरडी गेली तर अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. गोळी कुटून द्यायची की नाही, ते विचारूनच करावे. कुटलेली कडू गोळी एकदा अन्नात लागली की मांजर त्या अन्नाकडेच पाठ फिरवते. जखम चाटू नये म्हणून गळ्यात शंकूसारखा पट्टा मिळतो, तो घालावा. पाय सुजून वर चढत असेल, मांजर खात नसेल, किंवा अंग तापले असेल, तर घरच्या पाण्यावर दिवस काढू नयेत.

आणि एक आपल्याविषयी. दुखावलेले मांजर ओरबाडते, चावते. गोव्यात कुत्र्यांच्या लसीकरणाची मोठी मोहीम झाली आणि २०२१ साली राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. तरीही चावा किंवा ओरखडा साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तिथे हळद पुरत नाही.

ओर्ताने आपल्या ग्रंथात मुंगसाची गोष्ट दिली आहे. सापाशी झुंजताना मुंगूस एका मुळीचा आधार घेते, असे त्याने ऐकले होते. जनावराला आपले औषध कळते, ही समजूत आपल्याकडेही आहे. मांजर गवत खाऊन ओकते तेव्हा आपण तेच म्हणतो. पण गादीत रुतलेले नख मांजराला स्वतः काढता येत नाही. महिन्यातून एकदा म्हाताऱ्या मांजराचे पंजे हातात घेऊन पाहणे, हे माणसानेच करायचे आहे.

डिचोली-पेडण्याच्या बाजूला पूर्वी मांजरासाठी म्हणून काही खास उपाय करत असतील, आजी-पणजीकडून कुणी ऐकला असेल, तर वाचकांनी जरूर कळवावे. चांगला असो की घातक, लिहून ठेवायला हवा. काकींचा मीठपाण्याचा आणि तारल्याचा मी माझ्या वहीत पहिल्या पानावर लिहिला आहे.