बर्फावरची अक्षरं

माझं लहानपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावर गेलं. तिथं थंडी म्हणजे पहाटे अंगावर ओढायची एक गोधडी आणि बर्फ म्हणजे कारखान्यातून ट्रकनं येणारी लादी. वडील मासळीच्या धंद्यात होते. लादी आकड्यानं ओढायची, फोडायची आणि तिचा चुरा पापलेट-सुरमईच्या थरांमध्ये पसरायचा, हे काम मी शाळेच्या सुट्टीत अनेकदा केलं आहे. दहा मिनिटांत बोटं बधिर होत. त्यामुळे बर्फावर माणसं नाचतात, असं त्या वयात कुणी मला सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

पण ते मी पाहिलं. १९८५-८६ चा सुमार असेल. शेजाऱ्यांकडे नवा कृष्णधवल टीव्ही आला होता. रविवारी दुपारी दूरदर्शनवर परदेशी खेळांची क्षणचित्रं दाखवत. आम्ही पोरं क्रिकेट किंवा फुटबॉलच्या आशेनं बसायचो. त्या दिवशी पडद्यावर एक पुरुष आणि एक स्त्री गुडघ्यांवर बसलेली दिसली. खाली पांढरं शुभ्र मैदान. मागे एक ढोल हळूहळू वाजत होता. ती दोघं नुसती डोलत होती, बसल्या जागी. मग उठली आणि वाहू लागली. दुसरा शब्द मला तेव्हाही सुचला नाही, आजही सुचत नाही. शेवटी दोघंही बर्फावर कोसळली आणि पडून राहिली. माझी दादी दाराशी उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, ‘या पोरीला थंडी वाजत नाही काय रे?’

ती पोरगी म्हणजे इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची जेन टॉरव्हिल आणि तिचा जोडीदार क्रिस्टोफर डीन. दिवस १४ फेब्रुवारी १९८४, ठिकाण युगोस्लाव्हियातलं साराजेव्हो, स्पर्धा हिवाळी ऑलिम्पिकची, आणि संगीत राव्हेलचं ‘बोलेरो’. ही नावं मला फार नंतर कळली. ती विमा कंपनीत कारकून होती आणि तो पोलीस शिपाई. दोघांनी नोकऱ्या सोडल्या आणि गावच्या नगरपालिकेनं दिलेल्या अनुदानावर सराव केला. हे वाचलं तेव्हा ती दोघं मला एकदम आपल्यातली वाटू लागली. त्यांचे पोशाख जांभळे होते, हेही मला पुष्कळ वर्षांनी समजलं. माझ्या आठवणीत ते करड्या रंगाचेच आहेत.

त्या गुडघ्यांवर बसण्यामागे एक गंमत होती. मूळ ‘बोलेरो’ साधारण पंधरा-सतरा मिनिटांचं. स्पर्धेत नृत्याला सवलतीसकट चार मिनिटं दहा सेकंद मिळत. संगीत कितीही आटवलं तरी ते चार मिनिटं अठ्ठावीस सेकंदांच्या खाली येईना. नियम असा होता की, घड्याळ सुरू व्हायचं ते स्केटचं पातं बर्फावर चालू लागल्यावर. मग दोघांनी पहिले अठरा सेकंद गुडघ्यांवरच काढले! नियम मोडला नाही, वाकवलाही नाही, त्याच्याच पोटात जागा शोधली. ज्यानं वृत्तात कविता लिहिली आहे, मात्रा जास्त झाली म्हणून रात्र जागवली आहे, त्याला या अठरा सेकंदांची किंमत कळेल. त्या संध्याकाळी नऊच्या नऊ परीक्षकांनी कलात्मकतेसाठी सहापैकी सहा गुण दिले. तांत्रिक बाजूचे धरून एकूण बारा वेळा ‘सहा’ हा आकडा फलकावर लागला.

मंडळी, या खेळाचं नाव ‘फिगर स्केटिंग’ का, हे सांगायला हवं. फिगर म्हणजे आकृती. १९९० पर्यंत खेळाडूंना बर्फावर पात्यानं आठाच्या आकड्यासारख्या आकृत्या काढाव्या लागत आणि त्याच रेषेवरून पुन्हा पुन्हा जावं लागे. आपण धूळपाटीवर ‘श्री’ गिरवायचो, तसंच. मग परीक्षक बर्फावर उतरून, वाकून, रेषा किती जुळल्या ते पाहत. एके काळी निम्म्याहून अधिक गुण या गिरवण्याला होते. प्रेक्षकांना ते कंटाळवाणं वाटे, टीव्हीला तर नकोच होतं. म्हणून ते बंद झालं. पण मला हा खेळ आवडतो तो या मूळ पिंडामुळे. हे बर्फावर लिहिणं आहे. स्पर्धा झाली की, यंत्र फिरतं आणि सगळी अक्षरं पुसून जातात.

माझा दुसरा आवडता क्षण एका पडण्याचा आहे. जपानची मिदोरी इतो. नागोयाची, उंची जेमतेम पावणेपाच फूट. १९८९ मध्ये ती जगज्जेती झाली, आशियातून पहिलीच. ‘अ‍ॅक्सेल’ नावाची एक उडी आहे. ॲक्सेल पाउलसेन या नॉर्वेच्या खेळाडूनं १८८२ मध्ये ती प्रथम मारली. बाकीच्या उड्या पाठमोऱ्या घेतात, ही एकटी समोर तोंड करून. उतरायचं मात्र पाठमोरंच. त्यामुळे हवेत अर्धी गिरकी जास्त घ्यावी लागते. तिहेरी अ‍ॅक्सेल म्हणजे साडेतीन गिरक्या. स्पर्धेत ही उडी यशस्वी करणारी पहिली स्त्री म्हणजे ही इतो, साल १९८८.

१९९२ मध्ये फ्रान्समधल्या आल्बेरव्हिलला तिच्यावर साऱ्या जपानचं ओझं होतं. पहिल्या फेरीत ती घसरली आणि चौथ्या क्रमांकावर गेली. अंतिम फेरीत सुरुवातीलाच तिनं तिहेरी अ‍ॅक्सेल मारली आणि पुन्हा पडली. आता शहाणा माणूस काय करील? उरलेला कार्यक्रम सांभाळून पुरा करील. शेवटच्या टप्प्यात पाय दमलेले असतात, श्वास अपुरा पडतो. इतोनं त्याच टप्प्यात तीच उडी पुन्हा मारली आणि यावेळी ती उतरली. ऑलिम्पिकमध्ये ही उडी साधणारी ती पहिली स्त्री. तिला रौप्यपदक मिळालं. सुवर्ण मिळालं नाही म्हणून तिनं आपल्या देशाची माफी मागितली! मी तेव्हा मराठी घेऊन बी. ए. झालो होतो आणि नुकताच नोकरीला लागलो होतो. माझी पहिली कवितांची वही एका प्रकाशकाकडून साभार परत आली होती. दुसऱ्यांदा पाठवायला मला इतोनं शिकवलं, असं म्हटलं तर ते थोडं नाटकी होईल. पण ती उडी पाहिल्यानंतरच्या आठवड्यात मी पोस्टात गेलो होतो, हे खरं.

त्याच वर्षी, एप्रिल १९९२ मध्ये, साराजेव्होला वेढा पडला. तो १९९६ च्या फेब्रुवारीपर्यंत उठला नाही. अकरा हजारांहून अधिक माणसं मेली. आमच्या घरी वर्तमानपत्रातलं हे नाव मी अडखळत वाचायचो, कारण माझ्यासाठी साराजेव्हो म्हणजे ते शुभ्र मैदान होतं. ज्या झेत्रा सभागृहात ‘बोलेरो’ झालं, त्याच्यावर तोफगोळे पडले, ते जळालं. पुढे तिथं प्रेतं ठेवली जाऊ लागली. प्रेक्षकांच्या बाकांच्या फळ्या काढून त्यांच्या शवपेट्या केल्या. शेजारच्या खेळाच्या मैदानावर कबरी खोदल्या गेल्या.

जानेवारी १९९३ मध्ये माझे मामू मुंबईतलं बिऱ्हाड सोडून गावी आले. एक ट्रंक आणि दोन मुलं. त्यांच्या चाळीतल्या शेजाऱ्यांनी रात्रभर त्यांना आपल्या खोलीत ठेवलं होतं आणि पहाटे एस. टी.त बसवून दिलं होतं. वाचवणारे शेजारीच होते आणि ज्यांच्यापासून वाचवायचं तेही शेजारीच. मामू याविषयी फार बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, ‘ज्या जिन्यावरून पंधरा वर्षं चढलो-उतरलो, त्याची भीती वाटली रे.’ जळालेल्या झेत्राबद्दल वाचताना मला त्यांचा जिना आठवे.

म्हणून १९९४ चा लिलेहॅमरचा क्षण माझ्या यादीत सर्वांत वर आहे. नॉर्वेतलं ते ऑलिम्पिक सुरू होण्याच्या आठवडाभर आधी साराजेव्होच्या मंडईत गोळा पडून ६८ माणसं ठार झाली होती. पूर्व जर्मनीची कातारिना व्हिट १९८४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, साराजेव्होत सुवर्णपदक जिंकली होती. १९८८ मध्ये कॅलगरीला तिनं ते राखलं. आता ती अठ्ठावीस वर्षांची होती. ज्या देशाकडून ती जिंकली तो देश नकाशावर उरला नव्हता आणि ज्या देशात जिंकली तोही फुटला होता. तिच्यापेक्षा दहा-दहा वर्षांनी लहान मुली तिच्यापेक्षा अवघड उड्या मारत होत्या. पदक मिळणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी ती आली. पीट सीगरच्या ‘फुलं कुठं गेली’ असं विचारणाऱ्या युद्धविरोधी गाण्याच्या चालीवर, लाल पोशाखात, ती साराजेव्होसाठी खेळली. ती सातवी आली. त्या स्पर्धेतले पहिल्या तिघींचे गुण मला पाठ नाहीत; ती सातवी जागा मात्र पाठ आहे. ज्या गावानं आपल्याला टाळ्या दिल्या, ते गाव मरत असताना आपल्या हाती जे आहे ते घेऊन उभं राहायचं. तिच्या हाती चार मिनिटं होती, ती तिनं दिली. त्यानं वेढा उठला नाही, एक गोळा कमी पडला नाही. कवितेनंही पडत नाही.

चौथा क्षण १९९८ चा, जपानमधल्या नागानोचा. तिथली ज्योत मिदोरी इतोनं पेटवली, हा मला झालेला एक आनंद. पण मी सांगतोय ते सूर्या बोनालीबद्दल. ही फ्रान्सची कृष्णवर्णीय मुलगी. पाच वेळा युरोपची विजेती. जागतिक स्पर्धेत मात्र तीन वर्षं लागोपाठ दुसरी. १९९४ मध्ये परीक्षकांनी पाच विरुद्ध चार अशा फरकानं तिला मागे टाकलं, तेव्हा ती विजयमंचावर चढायला तयार नव्हती आणि गळ्यातलं पदक तिनं काढून घेतलं. ताकद आहे पण लालित्य नाही, असा तिच्यावर कायमचा शेरा. तिच्या उड्यांत उणिवा होत्या, हेही खरं. पण शेरा आधी लिहिलेला होता आणि कार्यक्रम नंतर पाहिला जात होता, असंही अनेकांना वाटे.

नागानोत ती दुखापतीनं बेजार होती. पदक हाती लागणार नाही हे दिसताच तिनं हवेत मागे कोलांटी घेतली आणि एका पायावर उतरली. ही कोलांटी १९७६ मध्ये टेरी कुबिका या अमेरिकन खेळाडूनं ऑलिम्पिकमध्ये मारली होती. त्यानंतर तिच्यावर बंदी आली. म्हणजे गुण कापले जाणार हे बोनालीला माहीत होतं. शेवटी तिनं परीक्षकांकडे पाठ करून प्रेक्षकांना अभिवादन केलं. क्रमांक दहावा.

हा क्षण मला का आवडतो, हे सांगायला थोडा संकोच होतो. पुष्कळ कविसंमेलनांत माझी ओळख करून देताना निवेदक म्हणतात, ‘हे मुस्लिम असूनही किती शुद्ध मराठी लिहितात पाहा!’ बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. टाळ्याही पडतात. पण त्या ‘असूनही’नं माझी कविता वाचायच्या आधीच तिला गुण मिळालेले असतात, आणि असे मिळालेले गुण कापलेल्या गुणांइतकेच बोचतात. मराठी मी कुणाकडून उसनी आणलेली नाही. बंदरावर लिलावाची बोली त्याच भाषेत लागायची. एकदा एका संमेलनात मला ईदवर किंवा दंगलीवर काहीतरी वाचा, असं सुचवण्यात आलं. मी खिशातून सुरमईवरची कविता काढली आणि वाचली. माझी कोलांटी एवढीच.

२००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिम्पिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत परीक्षकांची साटंलोटं उघडी पडली आणि कॅनडाच्या जोडीला दुसरं सुवर्णपदक द्यावं लागलं. त्यानंतर ती जुनी सहा गुणांची पद्धतच मोडीत निघाली. आता उडीउडीचे गुण मोजतात. ‘सहापैकी सहा’ पुन्हा कुणाला मिळणार नाहीत. आणि कोलांटीवरची बंदी २०२४ मध्ये उठली. बोनालीच्या कामी ती आली नाही. पण तिच्यानंतरची पोरं ती आता उजळ माथ्यानं मारतात.

शेवटचा क्षण स्पर्धेतला नाही, तरी तो सांगितल्याशिवाय पहिला पुरा होत नाही. झेत्रा सभागृह पुन्हा बांधलं गेलं आणि १९९९ मध्ये उघडलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये, बरोबर तीस वर्षांनी, टॉरव्हिल आणि डीन तिथं परत गेले. दोघंही पन्नाशी ओलांडलेले. तेच सभागृह, तोच ढोल, तेच गुडघ्यांवर बसणं. प्रेक्षकांत अशी माणसं असणार की, ज्यांनी १९८४ ची ती रात्र पाहिली होती आणि नंतर बाकांच्या फळ्या निघतानाही पाहिल्या होत्या. बाहेर कबरी तशाच होत्या.

त्या नृत्याची चित्रफीत मी माझ्या मुलीबरोबर पाहिली. आता रंगीत, तिच्या मोबाइलवर. पहिले अठरा सेकंद संपले, दोघं उठली, पातं बर्फावर चालू लागलं. मुलगी म्हणाली, ‘बाबा, हे आधी नीट गेले होते ना, मग परत का करतायत?’ मी तिला धूळपाटीवरच्या ‘श्री’ची गोष्ट सांगितली. रेष पुसली गेली की, तिच्यावरून पुन्हा हात फिरवायचा असतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)